कमी पैशांत बाहुल्या जमवणारे आहेत का कुणी?

चिंधीवाली | रविवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं रोमात (म्हणजे न लिहिता नुसतं वाचत) राहून सगळं वाचते, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मला बाहुल्या जमवायचा नाद आहे. वय विचारू नका, मुलगी कॉलेजात जाते एवढं पुरे. बजेट म्हणाल तर महिन्याचा खर्च भागून जे चार पैसे उरतात त्यातले दोन, आणि एखाद्या महिन्यात तेही दाताच्या डॉक्टरकडे जातात. या छंदावरच्या धाग्यांत नवीन काय आलं, कुणी काय मागवलं, डबा कसा दिसतो, हेच जास्त असतं. वाचायला मजा येते, नाही असं नाही. पण तीन पानं वाचली की वाटायला लागतं, हा पैसेवाल्यांचा खेळ, आपण नुसतं बघायचं. तर माझ्यासारखे कुणी असतील त्यांच्यासाठी हा धागा.

माझ्याकडे आज ३१ बाहुल्या आहेत. त्यातल्या नव्याकोऱ्या फक्त २. बाकी सगळ्या कुणाच्या तरी माळ्यावरून उतरलेल्या. अंगावर कपडा नाही, केसांचा झाडू झालेला, एकीच्या तर ओठांवर कुणीतरी पेनाने झुपकेदार मिशा काढल्या होत्या. (त्या मी महिनाभर तशाच ठेवल्या. शोभत होत्या.)

बंद डब्यातल्या बाहुलीला एक भाव असतो. डबा फोडला की तो उतरतो, बूट-पर्स-कंगवा हरवले की आणखी उतरतो, आणि कपडेही गेले की उरते ती नुसती बाहुली. मी नेमकी त्या शेवटच्या पायरीवर वाट बघत बसते. कारण मला हवा असतो चेहरा. कपडे मी शिवू शकते, कंगव्यावाचून तिचं काही अडत नाही.

आता मुद्द्याचं. परवा एक पिशवी घेतली, सात बाहुल्या एकत्र. एकगठ्ठा घेतल्या की एकेक स्वस्त पडते हे खरं, आणि त्यात तीन तरी नको असलेल्या येतात हेही खरं. या सातांतल्या तिघींबद्दल विचारायचं आहे.

पहिली बार्बी. पाठीवर कमरेखाली १९६६ असं कोरलंय. विकणारा म्हणाला, जवळजवळ साठ वर्षांची आहे, म्हणून पिशवीचा भाव एवढा. मी भुलले आणि दोन महिन्यांचे पैसे एकदम घातले. खरंच तेवढी जुनी आहे का?

दुसरीचे केस मेणचट चिकट आहेत. तीनदा धुतले, वाळले की पुन्हा तेच.

तिसरी ब्रॅट्झ (हाही बार्बीसारखा बाहुल्यांचा एक ब्रँड). चेहरा असा की बघत राहावं, पण उजवा पाय घोट्यापाशी संपतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ब्रॅट्झचे बूट पायात चढवत नाहीत, बूट म्हणजेच पाऊल. बूट काढला की खाली नुसता खुंट. हिच्या डाव्या पायात पिवळा, बक्कलवाला बूट आहे. उजवा कुठे गेला देव जाणे. उभी राहत नाही, सध्या शब्दकोशाला टेकवून ठेवलीय.

अडगळ | रविवार, रात्री ११:३५

धागा आवडला, आधी ते सांगतो. आता वाईट बातमी.

पाठीवरचं १९६६ हे बाहुलीचं जन्मसाल नव्हे. कंपनीने त्या धडाच्या साच्यावर हक्क नोंदवला, त्याचं ते साल. तोच आकडा पुढे नव्वदच्या दशकातल्या बाहुल्यांच्या पाठीवरही येत राहिला. डोकं अलगद काढून मानेच्या मागे, कडेच्या आतल्या बाजूला बघ. तिथे दुसरं साल सापडेल. १९७६ असेल तर तो 'सुपरस्टार' चेहरा, दात दाखवून हसणारा. तो १९७७ ला बाजारात आला आणि पुढे वर्षानुवर्षं चालला. म्हणजे तेही साच्याचंच साल! दोन्हींतला मोठा आकडा घ्यायचा आणि 'याच्या आधीची नक्की नाही' एवढंच म्हणायचं.

खरं बोलतं ते देशाचं नाव. पहिली बार्बी मार्च १९५९ मध्ये आली, आणि सुरुवातीच्या सगळ्या जपानमध्ये बनायच्या. मग हाँगकाँग, तैवान, कोरिया, फिलिपीन्स, पुढे मलेशिया, चीन, इंडोनेशिया. १९६६ च्या जोडीला 'जपान' असेल तर मी उद्या तुझ्या दारात हजर. 'मलेशिया' किंवा 'चीन' असेल तर ती तुझ्या मुलीची फार तर थोरली बहीण.

डोकं काढताना ओढू नकोस. मान कोमट-गरम पाण्यात दोन मिनिटं बुडव, डोक्याचं व्हिनाइल (लवचिक प्लास्टिक) मऊ पडतं. थंड डोकं खेचलं की आतला मानेचा खुंटा मोडतो आणि मग ती जन्मभर मान डोलावत बसते.

टिचबटण | सोमवार, सकाळी ७:१५

मीपण या १९६६ ला फसलेय, चिंधीताई. माझ्याकडे अशा तीन आहेत. तिन्ही वेळा विकणाऱ्याची आजी त्याच बाहुलीशी खेळली होती म्हणे.

चिंधीवाली | सोमवार, सकाळी ९:०५

मलेशिया. आणि मानेत १९७६.

चला, शिकवणीची फी भरली म्हणायचं. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. तो हा धागा वाचत नसावा अशी आशा.

सुईदोरा | सोमवार, दुपारी १:२०

चिकट केसांचं मी सांगते, या विषयात मी बरीच पोळलेली आहे.

केस बाहेरून धुवून काही होणार नाही, कारण चिकटा आतून येतोय. केसांची मुळं धरून ठेवायला काही बाहुल्यांच्या डोक्यात आतून गोंद भरलेला असतो. काही वर्षांनी तो पाझरतो आणि मुळांच्या छिद्रांतून केसांत उतरतो. डोकं काढलंच आहेस तर आत बॅटरी मारून बघ, पिवळट मधासारखा थर दिसेल. लांब चिमट्याने जेवढा ओढून काढता येईल तेवढा काढ. मला एका डोक्याला दोन संध्याकाळी लागल्या. मात्र मुळं उपटू नकोस. मग भांडी घासायच्या द्रव साबणाने केस धू, वाळव, पुन्हा धू. शंभर टक्के जात नाही. उरलेल्याला थोडी टाल्कम पावडर मुळाशी चोळून झटकायची. जास्त लावलीस तर बाहुली म्हातारी दिसते.

केसांचं एकूणच सांगून टाकते, कारण आपण घेतो त्या बाहुल्यांत नव्वद टक्के काम केसांचंच असतं. कपड्यांचा कंडिशनर पाण्यात मिसळून केस रात्रभर बुडवून ठेवायचे. सकाळी धातूच्या बारीक दातांच्या कंगव्याने टोकापासून सुरुवात करून इंचाइंचाने वर यायचं. मुळापासून खाली ओढलं की गेलेच. ही झाली गुंत्याची गोष्ट. झाडू झालेल्या केसांना उकळतं पाणी लागतं. पण त्याआधी केस कशाचे आहेत ते ओळखा.

सरान जड, गुळगुळीत, अंगावर पडून राहणारे. नायलॉन चमकदार आणि मऊ. या दोन्हींना गरम पाणी मानवतं, वरून ओतलं की रेशमासारखे सरळ होतात, आणि स्ट्रॉवर गुंडाळून ओतलं तर कुरळे. कानेकलॉनला मात्र उकळतं पाणी घातलंत तर त्याचा बसतो कुंचला, तिथे नुसतं गरम. आणि पॉलिप्रॉपिलीन म्हणजे कोरडे, हाताला किंचित तेलकट लागणारे, स्वस्त बाहुल्यांत हल्ली हेच असतात. त्यांना काहीही करा, ते आपल्या मनाचे राजे. ओळखू येत नसेल तर मानेमागच्या आठ-दहा केसांवर आधी प्रयोग करायचा. मी केला नाही, म्हणून माझ्याकडे एक टक्कल असलेली बाहुली आहे. तिला लोकरीचा टोप केलाय.

जाता जाता, गुडघ्यात टकटक आवाज करत वाकणारे पाय असतील किंवा पोटात बोलणारं यंत्र असेल तर सगळी बाहुली पाण्यात बुडवायची नाही. डोक्यापुरतं काम करायचं.

निळी_शाई | सोमवार, रात्री ९:४०

सुईदोराच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

मिशांवरून आठवलं. पेनाची शाई व्हिनाइलमध्ये मुरते, घासून जात नाही. मुरमांवरची १० टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडची क्रीम डागावर लावून वरून पातळ प्लास्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. शाई खरंच जाते, जादू वाटते. पण आता माझी कर्मकथा ऐका. मी एका सावळ्या बाहुलीच्या मांडीवरच्या डागाला लावली आणि चार दिवस विसरले. डाग गेला आणि त्याच्या जागी नाण्याएवढा पांढरा ठिपका आला, कारण ती क्रीम शाईबरोबर बाहुलीचा रंगही उडवते. रोज संध्याकाळी पुसून बघायचं, आणि भुवया, ओठ, केस यांच्या जवळपास फिरकू द्यायची नाही. गडद रंगाच्या बाहुलीवर तर शक्यतो नकोच.

त्या बाहुलीला मी कायम लांब झगा घालते.

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ८:३०

चर्चा छान चालली आहे, तरी जरा विरुद्ध सूर लावतो. रागावू नये.

चिंधीताई, तुम्ही सात बाहुल्यांना दोन महिन्यांचे पैसे घातलेत. त्यात चार कामाच्या, तीन नकोशा. वर साबण, क्रीम, कंडिशनर, दोरे, आणि तुमच्या संध्याकाळी. हे 'स्वस्त' कसं? मी वर्षाला एक बाहुली घेतो. फक्त एक. वर्षभर यादी करतो, प्रत्येक नावापुढे ती आवडली त्या दिवसाची तारीख टाकतो. सहा आठवड्यांनी पुन्हा वाचतो तेव्हा निम्म्या नावांकडे बघून 'ही का लिहिली होती?' असं होतं. ती खोडायची. वर्षाअखेरीस जी टिकते ती घ्यायची, चांगल्या अवस्थेतली.

आणि एक. 'जपून ठेवा, पुढे भाव येईल' असं सांगून जे विकतात त्यांच्यापासून दूर राहा. १९८८ साली सणासुदीची खास बार्बी निघाली, लाल झग्यातली. ती हातोहात खपली, त्यामुळे पुढल्या वर्षांच्या बाहुल्या लोकांनी पोत्यांनी घेतल्या आणि डबेही न फोडता कपाटात ठेवल्या. सगळ्यांनीच ठेवल्या! ज्या वस्तूचं प्रत्येकाने जतन केलं ती दुर्मीळ कशी होणार? आज नव्वदच्या दशकातल्या त्या 'संग्राह्य' बाहुल्या बंद डब्यात, अगदी नव्यासारख्या, पडेल भावात मिळतात. ज्यांना झालरींचे झगे आवडतात पण शिवता येत नाहीत, त्यांच्यासाठी कमी पैशांत याहून बरा सौदा नाही.

चिंधीवाली | मंगळवार, सकाळी ११:१०

हिशेबनीस काका, राग कसला. तारखेची युक्ती आजपासून माझी.

पण एका ठिकाणी तुमचा हिशेब आणि माझा जुळत नाही. तुम्ही माझ्या संध्याकाळी खर्चात धरल्यात. मी त्या जमेत धरते. तुमची बाहुली घरी आली की डबा उघडलात, कपाटात ठेवलीत, झालं. मग पुढचे अकरा महिने? माझी आली की तिचा गुंता सोडवायचा, अंग पुसायचं, ही कुठली, कधीची ते शोधायचं, कापड निवडायचं. काल रात्री दोन तास मी चिमटा घेऊन एका डोक्यातून गोंद काढत बसले होते. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "आई, तू ठीक आहेस ना?" इतकी ठीक मी आठवडाभरात नव्हते.

(गोंद निघाला. सुपारीएवढा गोळा. केस दोनदा धुतले, आता बोटाला चिकटत नाहीत. सुईदोरा, साष्टांग!)

अडगळ | मंगळवार, दुपारी ३:००

भाव येईल की नाही हे कुणालाच कळत नाही याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे ब्लाइथ नावाची बाहुली. केनर कंपनीने १९७२ मध्ये काढली. मोठं डोकं, बारकं अंग, पाठीमागची दोरी ओढली की डोळ्यांचे रंग बदलतात, एकूण चार. मुलं घाबरली म्हणतात. वर्षभरात बंद पडली. पुढे न्यूयॉर्कच्या जिना गॅरन यांनी या विसरलेल्या बाहुलीला घेऊन गावोगाव फोटो काढले, ते २००० मध्ये छापले गेले, आणि २००१ पासून जपानमध्ये टाकारा कंपनीने ती पुन्हा काढली. १९७२ च्या मूळ ब्लाइथला आज जे मोल आहे ते आपल्यासारख्यांनी विचारूही नये. पण मधली जवळजवळ तीस वर्षं ती अडगळीत पडलेली होती. (माझ्या नावाचं रहस्य कळलं का?)

तेव्हा जिला आज कुणी विचारत नाही तिच्याकडे बघायचं, पण भावासाठी नाही. आवडली तर.

रोमातून_बाहेर | मंगळवार, रात्री १०:१५

पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर हलकेच घ्या. मला त्या रेझिनच्या (कडक ओतीव प्लास्टिकच्या), आतून इलॅस्टिकने ओवलेल्या बॉलजॉइंट, म्हणजे सांध्यांत गोळे असलेल्या, बाहुल्या वेड्यासारख्या आवडतात. परवडणं शक्य नाही. हुबेहूब तशाच पण खूप स्वस्त असं काही दिसतं, ते घ्यावं का?

अडगळ | मंगळवार, रात्री १०:४०

हुबेहूब तशाच आणि खूप स्वस्त म्हणजे खऱ्या बाहुलीवरून साचा काढून ओतलेली नक्कल. मूर्तिकाराला त्यातलं काही मिळत नाही. बरेच संग्राहक अशी बाहुली आपल्या भेटीगाठींत येऊही देत नाहीत. माझं मत विचारशील तर नको. याच जातीतल्या लहान आकाराच्या बघ, हाताच्या पंज्याएवढ्या असतात, खर्च एकदम खाली येतो, कपड्याला चिंधीही पुरते. किंवा आधी नुसतं डोकं घ्यायचं. ते विकत मिळतं. धड पुढल्या वर्षी. माझ्या मित्राने आठ महिने नुसतं डोकं पेनस्टँडमध्ये ठेवलं होतं, कामवाल्या मावशी तिकडे झाडू मारायला तयार नव्हत्या.

आणि रेझिन उन्हात पिवळं पडतं. मिळेल तेव्हा खिडकीपासून लांब.

कौलारू | बुधवार, सकाळी १०:२५

प्लास्टिकवाल्यांच्या घोळक्यात मी एकटाच चिनी मातीवाला दिसतोय. जुन्या जर्मन बिस्क (झिलई नसलेल्या चिनी मातीच्या) बाहुल्या म्हटलं की लोकांना वाटतं, हे काम आपलं नव्हे. तसं नाही. आर्मांड मार्सेय या कारखान्याचा ३९० नंबरचा साचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतका प्रचंड निघाला की आजही सहज सापडतो. नंबर मानेमागे, केसांच्या टोपाखाली कोरलेला असतो. जो साचा फार निघाला तो स्वस्त, एवढं साधं गणित. शंभर वर्षांची बाहुली, काचेचे डोळे, मधे चार दात, आणि दुर्मीळ साच्याच्या मानाने कितीतरी कमी किंमत.

त्याहून स्वस्त हवी तर तडा गेलेली घ्या. डोक्याच्या आत बॅटरी धरायची, केसाएवढी बारीक भेगही अंधारात उजेडाच्या रेघेसारखी दिसते. विकणाऱ्याला माहीत नसेल तर दाखवायची, भाव तिथेच उतरतो. माझ्याकडच्या पाचही बाहुल्यांना तडे आहेत. टोप घातला की कुणाला दिसतात? मला माहीत आहेत, बस.

एक मात्र कळकळीने. भुसा आणि सरस यांच्या लगद्यापासून केलेल्या जुन्या बाहुल्या, ज्यांना कॉम्पोझिशन म्हणतात, त्यांना पाणी लावू नका. वरचे सगळे उपाय त्यांना विष आहेत. रंग फुगतो, पापुद्रे सुटतात. आणि सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची असेल तर दिव्याजवळ, गरम जागी ठेवू नका, ते भपकन पेटतं. बाहुली कशाची आहे हे कळेपर्यंत फक्त कोरडा मऊ ब्रश.

टिचबटण | बुधवार, दुपारी ४:५०

कपड्यांबद्दल कुणी बोलतच नाहीये! मी सुरू करते.

कापड विकत आणू नका. जुना मऊ सुती शर्ट, फाटलेली उशी, एकटा पडलेला मोजा. बार्बी साधारण २९ सेंटीमीटर, म्हणजे माणसाचा सहावा हिस्सा, तेव्हा कापडावरचं फूलही सहापट लहान हवं, नाहीतर तिने पडदा गुंडाळल्यासारखा दिसतो. नवं कापड ताठ असतं, इतक्या लहान अंगावर ते पडत नाही, उभं राहतं. दहा वर्षं धुतलेल्या शर्टासारखं कापड कुठल्याही दुकानात मिळत नाही. कडा उसवतात त्यांना पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात. मागे वेलक्रो लावू नका, तो केस धरतो. बारीक टिचबटण लावा. (माझ्या नावाचंही रहस्य.)

लाल, काळं, गडद निळं कापड असेल तर आधी पाण्यात बुडवून रंग जातोय का बघा आणि आतून पांढरं अस्तर लावा. रंग व्हिनाइलमध्ये उतरला की मग निळी शाईबाईंची क्रीम आणि पांढरे ठिपके.

आणि एकीच्या मापाचं दुसरीला होईलच असं नाही. २०१६ पासून बार्बीची उंच, बुटकी आणि भरलेल्या अंगाची अशी धडं निघाली. जुन्या मापाचा झगा भरलेल्या अंगावर कमरेशीच अडकतो. मी कागदी नॅपकिन अंगाला गुंडाळून, पेनाने रेघा मारून, तो कापूनच माप काढते. फुकट आणि अचूक.

निळी_शाई | बुधवार, सायंकाळी ६:३०

'बाई' म्हणाल्याबद्दल निषेध. बाकी शंभर टक्के अनुमोदन. मोज्याच्या घोट्याकडच्या भागाचा स्वेटर होतो, दोन बाजूंना हातांसाठी चिरा. शिवणकाम येत नसलेल्यांसाठी पाच मिनिटांचं काम.

हिशेबनीस | गुरुवार, सकाळी ८:१५

काल मोजा कापला. स्वेटर बरा झाला. एवढंच सांगायला आलो.

सुईदोरा | गुरुवार, सकाळी ८:२०

हिशेबनीस काका!!! फोटो??

हिशेबनीस | गुरुवार, सकाळी ८:४५

नाही.

चिंधीवाली | शुक्रवार, रात्री ११:३०

आठवड्याचा अहवाल. चिकट केसवाली आता वेणी घालून बसलीय. मलेशियावालीला टिचबटणच्या पद्धतीने नॅपकिनचं माप घेऊन, माझ्या जुन्या रात्रीच्या गाउनचा झगा शिवला. टीप सरळ नाही, पण तिचं हसू असं आहे की टीप कुणी बघत नाही.

ब्रॅट्झचं सांगते. तिचा मेकअप अर्धा उडाला होता, म्हणून चेहरा नव्याने रंगवायचं ठरवलं. टास्मानियातल्या सोनिया सिंग २०१५ मध्ये जगभर गाजल्या होत्या, आठवतं? त्या अशाच टाकून दिलेल्या ब्रॅट्झ आणायच्या, भडक रंग पुसून साधा मुलीचा चेहरा रंगवायच्या, आणि त्यांची आई त्या बाहुल्यांना स्वेटर विणायची. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते स्वेटर विणणाऱ्या आईचं.

रंग पुसायला अ‍ॅसिटोन नसलेलं नेलपॉलिश रिमूव्हर घेतलं, कापसाच्या बोळ्याने, हळूहळू. अ‍ॅसिटोन कडक प्लास्टिक खातं, धडावर एक थेंब पडला तरी खड्डा. एक डोळा पुसला आणि हात थांबला. अर्धा चेहरा कोरा, अर्धा माझ्याकडे रोखून बघतोय. पाणी पिऊन आले, मग दुसरा पुसला. पुढे मॅट स्प्रेचा एक हात, त्यावर जलरंगाच्या पेन्सिली, गालांना खडूच्या भुकटीची लाली. स्प्रे गच्चीवर, तोंडाला गॅसचा मुखवटा लावून मारला. कापडी मास्कने भागत नाही. दमट हवेत मारू नका, पृष्ठभाग पांढुरका होतो. पहिला हात तसाच झाला, पुसून पुन्हा केला. डावी भुवई उजवीपेक्षा वर गेलीय, त्यामुळे ती सतत 'असं का?' विचारतेय असं वाटतं. राहू दे.

आता फक्त पाय. शब्दकोश लागतो अधूनमधून, तेव्हा तिला आडवी ठेवावी लागते.

टिचबटण | शुक्रवार, रात्री ११:४५

थांब थांब थांब. बूट पिवळा आहे ना? बक्कलवाला? माझ्या बटणांच्या डब्यात एक एकटाच पिवळा बूट आहे, कितीतरी वर्षं. कसला ते कधी कळलंच नव्हतं. वरून पोकळ, आत खाच आहे.

चिंधीवाली | शुक्रवार, रात्री ११:४६

हात थरथरतायत. फोटो टाक. मी जागी आहे.

टिचबटण | शुक्रवार, रात्री ११:५८

डबा माळ्यावर आहे, शिडी आणतेय.

टिचबटण | शनिवार, रात्री १२:२०

मिळाला. तोच आहे, रंगही तोच. बक्कल डाव्या हाताला येतं.

चिंधीवाली | शनिवार, रात्री १२:२३

टाच तुझ्याकडे करून धरलायस की टोक?

टिचबटण | शनिवार, रात्री १२:२५

टाच.

चिंधीवाली | शनिवार, रात्री १२:३१

माझ्या बुटाचंही टाच माझ्याकडे धरून डावीकडेच येतं. चारदा बघितलं.

डावा आहे गं तोही.

कौलारू | शनिवार, सकाळी ७:५०

मी रात्री हे वाचत जागा होतो हे कबूल करतो.

चिंधीवाली | शनिवार, सकाळी ९:१०

टिचबटण, तरी पाठवशील का? त्याची वरची खाच, जी खुंटावर घट्ट बसते, तेवढा भाग कापून घेते. खालचा बूट एपॉक्सी मातीने उजव्या पायाचा घडवते आणि पिवळा रंगवते. माझा आहे तो कापायचा धीर होत नाही.

टिचबटण | शनिवार, सकाळी ९:३०

कापणार होय? इतकी वर्षं सांभाळला तो.

बरं. पाठवते. पण बक्कल उरलं तर परत हवं.

सुईदोरा | शनिवार, सकाळी ९:४०

माती पायावर बसवूनच घडव, मोजमाप करत बसू नकोस. एका रात्रीत दगड होते. मात्र आधी खुंटाला व्हॅसलीन चोपड, नाहीतर बूट जन्मात निघणार नाही.